पाणी उकळू न द्यावे

संस्थेच्या प्रसिद्धी विभागात बावीस वर्षे मुद्रितशोधकाची नोकरी केलेल्या त्या गृहस्थांना सगळे वेलांटीराव म्हणत. उंच, सडपातळ आणि खांद्यापासून पुढे असे वाकलेले, की दारातून आधी कपाळ आत येई आणि माणूस मागाहून. ही वेलांटी पहिली की दुसरी, यावर विभागात अधूनमधून वाद रंगे. वेलांटीराव त्यात पडत नसत. फक्त एकदा कुणीतरी फळ्यावर 'वेलांटिराव' असे लिहिलेले दिसले, तेव्हा ते मुकाट्याने उठले आणि 'टि'ची 'टी' करून पुन्हा जागेवर येऊन बसले. टिंगल त्यांना चाले; अशुद्ध टिंगल चालत नसे.

रुग्णालय चालवणाऱ्या त्या संस्थेतून बाहेर पडणारा प्रत्येक छापील शब्द त्यांच्या टेबलावरून जाई. ते लाल पेन्सिलीने दुरुस्त्या करीत, खाली 'मजकूर बरोबर' असे लिहून सही करीत, आणि ती सही दिसली की पलीकडच्या टेबलावरची टंकलेखिका कागद पुढे धाडून देई. ती वाचत नसे. विभागाचे संपर्कप्रमुख वाचत नसत. मोठे डॉक्टर, म्हणजे संस्थेचे संचालक, फक्त स्वतःचा फोटो पाहत. इतक्या मोठ्या संस्थेत वाचणारा माणूस एकच होता आणि त्यामुळे बाकीचे सगळे निर्धास्त होते.

वेलांटीरावांचा वाचनाचा नियम एकच होता : मनातले वाचू नये, छापलेले वाचावे. डोळा लबाड असतो. जे असायला हवे ते तो पाहून घेतो आणि जे आहे ते सोडून देतो. म्हणून अक्षराखाली बोट ठेवावे, आणि बोट पुढे सरकल्याशिवाय डोळा पुढे नेऊ नये.

हा नियम त्यांनी जगात एकाच व्यक्तीला शिकवला होता, आणि ती म्हणजे त्यांची मावशी. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवले. रुग्णालयाच्या धुलाईघरात एकतीस वर्षे तिने चादरी, अभ्रे आणि शस्त्रक्रियेचे कपडे मोठ्या हंड्यांत उकळले. हजेरीपत्रकावर एकतीस वर्षे अंगठा उठवला. निवृत्त झाली त्या दिवशी ती भाच्याला म्हणाली, "आता तेवढं वाचायला शिकव. अंगठ्याची रेघ पुसून गेली रे, सोडा वापरून वापरून." वेलांटीरावांनी तिला शिकवले ते विभागातल्या रद्दी मुद्रितांवर. दर रविवारी ते तिच्या खोलीवर जात, आणि ती बोट ठेवून आरोग्यविषयक पत्रके वाची. चुकून अंदाजाने पुढचा शब्द म्हणाली, की हे टेबलावर पेन्सिल आपटत. "मनातलं नको, मावशी. छापलेलं."

"मास्तर झालास मोठा! लहानपणी तुझं नाक पुसलंय मी," ती म्हणे, आणि पुन्हा पहिल्यापासून वाची.

मग शहरात जुलाब-उलट्यांची साथ आली.

साथ आली की माणसे घाबरतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रसिद्धी विभागात वेगळेच दृश्य दिसले. संपर्कप्रमुख सकाळी आठला हजर झाले, नवा शर्ट घालून. सगळ्यांना भोवती जमवून ते म्हणाले, "साथ रोज रोज येत नाही. एरवी आपण मेलो काय, जगलो काय, कुणी विचारत नाही. आता सगळं शहर डॉक्टर शोधतंय. जो चेहरा पहिल्यांदा दिसेल तो लोकांच्या डोक्यात बसणार. तो आपला पाहिजे."

"आणि रोगी?" वेलांटीरावांनी विचारले.

"ते येतीलच हो! तीच तर साथ." संपर्कप्रमुख हसले. "तुम्ही अक्षरांचं बघा, वेलांटीराव. चेहऱ्याचं मी बघतो."

पोस्टरासाठी संपर्कप्रमुखांनी ओळ सुचवली होती, 'पाणी उकळून प्यावे'. तीत बदल केला तो वेलांटीरावांनीच, आणि मोठ्या अभिमानाने. लहान मुले आणि म्हातारी माणसे स्वतः पाणी उकळत नाहीत, त्यांना ते द्यावे लागते. तेव्हा 'द्यावे' हेच क्रियापद नेमके. मजकूर ठरला : 'साथीच्या काळात घरात सर्वांना पाणी उकळून द्यावे.' पोस्टराचे मुद्रित आले. एका बाजूला मजकूर, एका कोपऱ्यात मोठ्या डॉक्टरांचा बेताचा फोटो. 'उकळून' एका ओळीत, अखंड. वेलांटीरावांनी सही केली.

त्यानंतर काय घडले ते त्यांना कळले नाही, कारण चित्राचे काम त्यांच्याकडे नव्हते. विश्वस्तांच्या बैठकीत फोटो लहान वाटला. तो मोठा करण्यात आला. फोटो वाढला तशी मजकुराची जागा आक्रसली, आणि 'उकळून'मधला 'न' ओळीत मावेना. चित्रकाराने तो खालच्या ओळीत उतरवला आणि शब्द तुटला आहे हे कळावे म्हणून 'उकळू'पुढे लहानशी जोडरेघ दिली. ती रेघ नेमकी मोठ्या डॉक्टरांच्या कानाला टेकली. "कानात काडी घातल्यासारखी दिसतेय," संपर्कप्रमुख म्हणाले. "काढा ती." चित्रकाराने काढली.

दहा हजार पोस्टरे तीन दिवसांत शहरभर लागली.

ते दोन आठवडे वेलांटीरावांना मान वर करायला सवड नव्हती. रोज चार पत्रके, दोन मुलाखती, वर्तमानपत्रांना लेख. दोन रविवार मावशीकडे जाणे झाले नाही. तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, वॉर्डातल्या सिस्टरचा विभागात फोन आला. "तुमच्या मावशींना दाखल केलंय. शेजारच्यांनी आणलं. लवकर या."

वॉर्ड म्हणजे एक लांबट खोली, साथीमुळे बायका-पुरुष एकत्रच. दोन्ही भिंतींना खाटा, मधल्या वाटेत आणखी खाटा, आणि प्रत्येक खाटेशी सलाइनचा स्टँड. मावशी खिडकीजवळ होती. ती इतकी लहान दिसत होती, की वेलांटीराव पहिल्यांदा तिच्यासमोरून पुढे निघून गेले. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहावी अशी.

"आणखी सहा तास उशीर झाला असता, तर मी तुम्हाला फोन वेगळा केला असता," सिस्टर म्हणाली. सलाइनचे थेंब मोजत ती पुढच्या खाटेकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मावशी बोलू लागली. भीती ओसरली की माणसाला राग येतो. तसा वेलांटीरावांना आला. "एवढं सगळं शहर ओरडतंय, मावशी! पाणी उकळत नव्हतीस?"

"नव्हते," ती म्हणाली.

"अगं, का?"

"तूच सांगितलंस ना नको म्हणून."

"मी?"

"संस्थेचा कागद म्हणजे तुझ्या हाताखालून गेलेला. आमच्या नळाशेजारी लावलाय. दोनदा वाचला मी, बोट ठेवून. पटत नव्हतं आधी. एकतीस वर्षं उकळतच आले मी. पण म्हटलं, नळाच्या पाण्यात आता औषध टाकतात म्हणे, उकळलं की ते मरत असेल. शिकलेल्या माणसांनी काही विचार करूनच छापलं असेल. शेजारीण उकळत होती, तिला मीच दटावलं. ती कसली ऐकते! म्हणाली, मला कुठं वाचता येतं."

"असं कुठंही लिहिलेलं नाही," वेलांटीराव म्हणाले.

मावशीने मानेनेच समोरची भिंत दाखवली. खाटेच्या बरोबर समोर ते पोस्टर होते. वेलांटीरावांनी ते वाचले. 'पाणी उकळून द्यावे.' त्यांनी पुन्हा वाचले. 'पाणी उकळून द्यावे.' ते सुटकेचा निःश्वास टाकून वळले. "बरोबर तर आहे!"

"बोट ठेवून वाच," मावशी म्हणाली.

ते भिंतीजवळ गेले. अक्षराखाली बोट ठेवले. पाणी. उकळू. इथे ओळ संपली. पुढे मोठ्या डॉक्टरांचा कान होता. बोट खालच्या ओळीवर आले. न. द्यावे.

*पाणी उकळू
न द्यावे.*

वेलांटीरावांचे बोट भिंतीला चिकटल्यासारखे तिथेच राहिले. या पोस्टरासमोरून ते रोज चार वेळा जात होते. कचेरीच्या दारावर ते होते, जिन्यावर होते, ते जिथे चहा पीत त्या टपरीवर होते. पंधरा दिवस त्यांनी ते मनातले वाचले होते. छापलेले वाचले ते फक्त मावशीने.

"आता उकळूनच पी," एवढे बोलून ते निघाले. भाचा रागावला, असे मावशीला वाटले.

बाहेर पडण्याआधी त्यांनी शेजारच्या खाटांवर विचारून पाहिले, कारण आणखी किती जण फसले हे कळल्याशिवाय त्यांना जिना उतरवला नसता. "तुम्ही ते पोस्टर वाचलं होतं का?"

"कुठलं? ते निवडणुकीचं?" एक रिक्षावाला म्हणाला.

"साहेब उभे राहतायत का यंदा?" दुसऱ्याने विचारले.

तिसरीने चेहरा ओळखला. "ते डॉक्टर ना? चांगला फोटो आहे. बाजूला काहीतरी लिहिलंय बघा."

अठरा खाटांपैकी एकानेही ते वाचले नव्हते. पाणी उकळणारे आईने सांगितले म्हणून उकळत होते, न उकळणारे गॅस वाचवण्यासाठी उकळत नव्हते. दहा हजार पोस्टरांना या वॉर्डात एकच वाचक मिळाला होता, आणि तो वेलांटीरावांनी स्वतःच्या हाताने तयार केला होता.

संपर्कप्रमुखांनी सगळे ऐकून घेतले. पोस्टर मागवले, लांब धरले, जवळ धरले. "वा!" ते म्हणाले. "हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"दुरुस्ती काढायला हवी. आजच."

"वेलांटीराव, दुरुस्ती म्हणजे कबुली. साथीच्या मधोमध संस्थेने कबूल करायचं, की आम्ही उलटं छापलं? शेजारच्या रुग्णालयाला आयती मेजवानी. आणि वाचतं कोण? तुम्हीच सांगताय, अठरातल्या अठरांनी वाचलं नाही."

"एकीने वाचलं. ती माझी मावशी आहे."

संपर्कप्रमुखांनी पोस्टर खाली ठेवले. वेलांटीरावांना वाटले, बाण लागला. पण पोस्टर खाली ठेवले होते ते वेगळ्याच कारणाने. "मावशी? धुलाईघरात होत्या त्याच? एकतीस वर्षं?" त्यांचे डोळे चमकले. "एकतीस वर्षं संस्थेची सेवा केली, आणि आज संस्थेनं त्यांचे प्राण वाचवले! अहो, ही बातमी तुम्ही खिशात घालून फिरताय?"

वेलांटीराव नाही म्हणाले. दोनदा म्हणाले. पण वॉर्ड संस्थेचा होता, खाट संस्थेची होती, आणि मावशीला विचारले तेव्हा ती संकोचून म्हणाली, "एवढे मोठे डॉक्टर येणार, तर नाही कसं म्हणायचं? चादर तेवढी बदला हो, ही नीट धुतलेली नाही."

शुक्रवारी सकाळी अकराला वाहिनीची माणसे आली. थेट प्रक्षेपण होते. कॅमेऱ्यात संस्थेचे नाव यावे म्हणून संपर्कप्रमुखांनी मावशीची खुर्ची त्याच पोस्टराला लागून ठेवली. छापील मोठे डॉक्टर मागे, खरे मोठे डॉक्टर शेजारी, मध्ये मावशी. वेलांटीराव दाराशी उभे होते. त्यांनी संपर्कप्रमुखांची बाही ओढली आणि हळूच म्हणाले, "निदान तिथं नका बसवू." संपर्कप्रमुखांनी बाही सोडवून घेतली.

वार्ताहर मुलगी गोड होती. "आजी, ऐकलं की तुम्ही साठीनंतर वाचायला शिकलात?"

"आमच्याच कर्मचाऱ्याने शिकवलं!" संपर्कप्रमुख मध्येच म्हणाले. "हीच आमच्या संस्थेची परंपरा."

"कित्ती छान! मग आजी, हा मागचा संदेश प्रेक्षकांना वाचून दाखवाल?"

मावशीने चष्मा लावला. भाच्याकडे एकदा पाहिले. त्याचा राग जावा म्हणून आज ती चांगले वाचून दाखवणार होती. वळून तिने पोस्टरावर बोट ठेवले आणि खणखणीत आवाजात, कुठेही न अडखळता वाचले, "साथीच्या काळात. घरात सर्वांना. पाणी उकळू. न द्यावे."

वार्ताहर मुलगी हसतच होती. "म्हणजे... उकळून द्यावं."

"नाही हो," मावशी म्हणाली. "तसं असतं तर 'न' चिकटून असता. ही दुसरी ओळ आहे. मनातलं वाचायचं नाही. म्हणून तर मी उकळायचं सोडलं, आणि मग हे सगळं झालं."

मोठे डॉक्टर पोस्टराकडे वळले. आपल्या फोटोशेजारचा मजकूर ते पहिल्यांदाच वाचत होते, हे त्यांच्या ओठांच्या हालचालीवरून सगळ्या शहराला दिसले.

दुपारी दोनला संपर्कप्रमुखांनी वेलांटीरावांच्या टेबलावर एक पत्रक ठेवले. स्वतः लिहिले होते, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. 'एका अल्पशिक्षित वृद्धेच्या वाचनातील चुकीमुळे संस्थेच्या संदेशाविषयी गैरसमज पसरला आहे. संदेश सुस्पष्ट असून नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.'

"पाचच्या आत वर्तमानपत्रांकडे गेलं पाहिजे. बघा, आणि सही करा. तुमची मावशी आहे, मला कळतं. पण नाव कुठं घातलंय? चार दिवसांत लोक विसरतील. तुमच्या नोकरीला आठ वर्षं उरलीत, ती मात्र रोज आठवतील."

वेलांटीरावांनी सवयीने पत्रक वाचले, बोट ठेवून. मग पुन्हा वाचले. त्यांना बसलेला धक्का मजकुराचा नव्हताच. तो त्यांनी अपेक्षिलाच होता. धक्का याचा होता, की त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

कागद खिशात घालून ते वॉर्डात गेले. मावशी भिंतीकडे पाठ करून पडली होती. चष्मा तिने सिस्टरकडे देऊन टाकला होता.

"आता नको मला तो," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर तुझी मान खाली घालायला लावली मी. ते साहेब येऊन म्हणून गेले, आजी, तुमचं वाचायला चुकलं. एवढी वर्षं तू घसा कोरडा केलास, आणि मी अंगठ्याची अंगठाच राहिले. खरं सांग रे. चुकलं माझं?"

वेलांटीराव खाटेच्या कडेवर बसले. वॉर्डात कुणाची तरी उलटी चालली होती, कुणीतरी पाणी मागत होते.

"नाही," ते म्हणाले. "तू बरोबर वाचलंस. माझं चुकलं. मी वाचलंच नाही."

"तू? आणि वाचलं नाहीस?" मावशी कोपरावर उठली. "मग ही सगळी कसली शिकलेली माणसं रे तुमची!"

खिशातली लाल पेन्सिल त्यांनी तिथेच काढली आणि कागद गुडघ्यावर घेतला. 'एका अल्पशिक्षित वृद्धेच्या वाचनातील' हे शब्द खोडून वर लिहिले : 'संस्थेच्या छपाईतील'. 'संदेश सुस्पष्ट असून' खोडले आणि तिथे लिहिले : 'पाणी पूर्ण उकळूनच द्यावे. चुकीबद्दल संस्था दिलगिरी व्यक्त करते आणि'. अफवांचे वाक्य तसेच ठेवले. त्यात व्याकरणदृष्ट्या काही वावगे नव्हते. खाली लिहिले 'दुरुस्तीसह मजकूर बरोबर', आणि सही केली.

साडेचारला तो कागद त्यांनी टंकलेखिकेच्या टेबलावर ठेवला.

"साहेबांनी पाहिलंय?" तिने विचारले.

"माझी सही आहे," वेलांटीराव म्हणाले, आणि यात एक अक्षरही खोटे नव्हते.

तिने सही पाहिली. बावीस वर्षांत तिने याहून अधिक काही पाहिले नव्हते. लाल दुरुस्त्या जशाच्या तशा उतरवून पाच वाजायला दहा मिनिटे असताना तिने पत्रक सगळ्या वर्तमानपत्रांकडे आणि वाहिन्यांकडे पाठवले, आणि पर्स उचलून ती घरी गेली.

शनिवारी सकाळी ते सगळीकडे छापून आले. सव्वानऊला संपर्कप्रमुखांच्या खोलीचे दार आदळले. साडेनऊला वेलांटीरावांच्या हातात निलंबनाचे पत्र पडले. त्यात 'निलंबन'चा अनुस्वार राहून गेला होता. त्यांनी तो दिला, पत्राची पोच लिहून दिली आणि वर्तमानपत्र घेऊन ते वॉर्डात गेले. वाटेत जिन्यावर दोन शिपाई पोस्टर खरवडून काढत होते. कागद सहज निघत होता. मोठ्या डॉक्टरांचा कान तेवढा भिंतीला धरून होता.

मावशीने सिस्टरकडून चष्मा परत मागून घेतला होता. तिने पेपर मांडीवर पसरला, बातमी शोधली आणि मोठ्याने वाचू लागली. शेजारचा रिक्षावाला कान देऊन ऐकत होता. 'संस्थेच्या छपाईतील चुकीमुळे' इथे ती थांबली, ते तीन शब्द पुन्हा एकदा वाचले, मग बोट पुढे सरकले. 'चुकीबद्दल संस्था दिल' इथे ते पुन्हा अडले.

"हे बघ. 'दिलगिरी'तल्या 'गि'ला यांनी दुसरी वेलांटी दिलीय. तू पहिली सांगितली होतीस."

वेलांटीरावांनी वाकून पाहिले. वर्तमानपत्राने खरोखरच 'दिलगीरी' छापले होते.

"राहू दे, मावशी," ते म्हणाले. "या चुकीनं कुणी आजारी पडत नाही."

मावशीने पेपर खाली ठेवला, चष्म्यावरून त्यांच्याकडे रोखून पाहिले आणि हात लांबवून त्यांच्या कपाळाला लावला.

"ताप नाही ना रे आला तुला?" ती म्हणाली.